जुन्या डब्यात मिळालेले तीन रेझर : कार्ट्रिजवाला वापरू की सेफ्टी?

उंडो_पाव
नमस्कार मंडळी. चतुर्थीआधी रंग काढायचा म्हणून डिचोलीच्या जुन्या घरातली कपाटं उपसत होतो, त्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला आणि आत दाढीचं सामान. तीन रेझर आहेत. एक चांगला जड, मुठीखालचा नॉब फिरवला की डोक्यावरची दोन झाकणं दरवाजासारखी उघडतात नि मधे ब्लेड ठेवायची जागा, इंग्लंडचा शिक्का आहे, हा आजोबांचा. दुसरा मामाचा असणार (तो बोटीवर होता), धातूची मूठ आणि पुढे प्लास्टिकचं दोन पात्यांचं कार्ट्रिज, अजून लावलेलंच आहे. तिसरा काय प्रकार आहे कळत नाही, डोकं म्हणजे एक चपटी डबी आणि बाजूला छोटी कळ, ती फिरवली की आत काहीतरी सरकतं.

मी सध्या पाच पात्यांवाला वापरतो. पुढचं पाकीट घ्यायची वेळ आली की जिवावर येतं आणि गळ्याखाली कायम लाल पुरळ असतं ते वेगळंच. हल्ली लोक जुनी कार्ट्रिजवाली हँडलंसुद्धा शोधून वापरतात म्हणे. तर यातला कुठला वापरू? फोटो चढत नाहीयेत, उद्या परत बघतो.

खाजनकाठ
फोटोची गरज नाही, वर्णन बरोबर जमलंय.

आजोबांचा तो सेफ्टी रेझर, सुटं दोन धारी ब्लेड घालायचा. त्यातला ट्विस्ट-टू-ओपन, फुलपाखरू म्हणतात त्याला. इंग्लंडचा शिक्का म्हणजे बहुतेक लंडनजवळच्या आयल्वर्थच्या कारखान्यातला जिलेट. तो अमेरिकेचा असता तर तळाशी अक्षर नि आकडा बघायला सांगितलं असतं, तिकडच्या १९५० नंतरच्या रेझरवर अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे तिमाही, एफ-४ दिसलं की १९६० ची शेवटची तिमाही.

मामाचा दोन पात्यांवाला बहुतेक ट्रॅक टू, इंग्लंडात त्यालाच जी-टू म्हणायचे. १९७१ मधे आला. डोकं मुठीवर घट्ट आहे की मागेपुढे डुलतं ते बघा, डुलत असेल तर तो अट्रा, १९७७ चा. आणि कार्ट्रिजवर ती बुळबुळीत पट्टी असेल तर कार्ट्रिज १९८५ नंतरचं, त्याआधी पट्टी नव्हतीच.

तिसरा टेकमॅटिक!! १९६५. आत सुटं ब्लेड नाही, पोलादाची लांब फीत गुंडाळलेली असते, धार गेली की कळ फिरवायची, फितीचा नवा तुकडा पुढे येतो. बोट पात्याला लागतच नाही. आजच्या सगळ्या कार्ट्रिजवाल्यांचा आजा म्हणा.

गडबडगुंडा
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. दाढीच्या धाग्यावर भांडण झाल्याशिवाय राहत नाही.

(स्वतः दाढीवाला, तटस्थ)

तारवट्याचा_पूत
डिचोलीच्या घरात इंग्लंडचा रेझर, यात नवल काही नाही. १९५५ ला भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हापासून १९६१ पर्यंत आमच्या गोव्यात सगळंच बाहेरून यायचं, सिलोनचा चहा, हॉलंडचे बटाटे, जपानचं सिमेंट, त्यात खाणी जोरात म्हणजे लोकांच्या हातात पैसा. पलीकडे सावंतवाडीत जे बघायला मिळत नव्हतं ते इथे साध्या दुकानात पडलेलं असायचं. माझे आजोबा सांगायचे की पाहुणे आले की परत जाताना ब्लेडची पाकिटं मागून न्यायचे, नाक्यावर तपासणी झाली की मोज्यात.

नंतर तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्या) लोकांनी आणलं ते दुसऱ्या पिढीचं सामान. माझा बाप बोटीवरून आला की बॅगेत चॉकलेटं, टॉर्च, आफ्टरशेव आणि कार्ट्रिजची पाकिटं. कार्ट्रिज संपली की पुढची बोट येईपर्यंत रेझर कपाटात. तुमच्या मामाचं पण असंच झालं असणार.

सोलकढी_जास्त
सगळं छान आहे पण नॉस्टॅल्जिया जरा बाजूला ठेवूया का? मी फोंड्याहून पणजीला साडेसातच्या कदंबा बसने जातो. सकाळी मला दाढीला चार मिनिटं मिळतात. त्यात ब्रश भिजवा, फेस काढा, कोन सांभाळा, तीनदा हात फिरवा हे कुणी सांगितलंय. तीन पात्यांवाला फिरवला, धुतला, पळालो. कापत नाही, रक्त नाही. पन्नास वर्षांत माणसाने काहीतरी सुधारणा केली असेलच ना, की सगळे इंजिनियर मूर्ख होते? आणि गळ्याखालचं पुरळ रेझरमुळेच कशावरून, रेमटवून दाढी करत असतील.

गडबडगुंडा
आलं, आलं.

नर्सबाय
स्किन ओपीडीत रोज बसते म्हणून लिहिते. सोलकढी यांचं शेवटचं वाक्य अर्धं बरोबर आहे, दाबून केलेल्या दाढीने त्रास होतोच. पण जास्त पात्यांचाही हात आहे. दोन पात्यांवाला निघाला तेव्हा कंपनीनेच जाहिरातीत चित्र काढून दाखवलं होतं की पहिलं पातं केस पकडून किंचित वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आधी दुसरं पातं कापतं, म्हणून दाढी गुळगुळीत. खरं आहे. पण केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला, आणि तो जर कुरळा असेल, तर वाढताना वळून आतच घुसतो. मग लाल फोड, खाज, कधी पू. गळ्याजवळ केस आडवेतिडवे वाढतात म्हणून तिथे जास्त. पाच पाती म्हणजे तेच काम परत परत.

उंडो_पाव, आधी थोडे दिवस दाढी थांबवता आली तर थांबवा, मग एकच पातं, तेही केसांच्या दिशेनेच. गळ्यावर उलटा हात अजिबात नको. आणि मेडिकलमधून कुणीतरी सांगितली म्हणून आणलेली ट्यूब लावू नका, त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, सुरुवातीला बरं वाटतं आणि नंतर चेहरा बिघडतो. फोड वाढत असतील तर डॉक्टर.

दुसरी बाजू पण सांगते. हात थरथरणारे आजोबा, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, किंवा घरात दुसऱ्याची दाढी करून द्यावी लागते असे लोक, यांनी सेफ्टी रेझरच्या नादी लागू नये. कार्ट्रिजच. त्यात कमीपणा काही नाही.

सोलकढी_जास्त
बघा, कार्ट्रिजच म्हणाल्या 🙂

नर्सबाय
तुमचे हात थरथरतात?

दुकानदार_म्हापसा
माझं दुकान आहे म्हणून दोन गोष्टी. सेफ्टीची ब्लेडं संपली आहेत असं समजू नका, माझ्याकडे सगळ्यात जास्त ब्लेड न्हावी लोक नेतात. पूर्वी त्यांच्याकडे दगडावर धार काढायचा उस्तरा असायचा, एचआयव्हीची भीती आली तसं गिऱ्हाईकच विचारायला लागलं नवीन ब्लेड लावलं का. मग हे आले, अर्धं ब्लेड मोडून लावायचे उस्तरे. तेच दोन धारी ब्लेड, कागदासकट मधे मोडतात आणि अर्धं वापरतात. त्यामुळे सेव्हन ओ'क्लॉक म्हणा नाहीतर दुसरं कुठलं म्हणा, सलून आहेत तोवर ब्लेडं मिळणार. एक ब्लेड चहापेक्षा स्वस्त. पाच पात्यांवाल्याचं एक कार्ट्रिज शंभराच्या पुढे, त्याचा मला मार्जिन बरा आहे तरी सांगतो.

आणि जिलेटचा गार्ड विसरू नका, २०१० ला आला तेव्हा रेझर १५ रुपये नि कार्ट्रिज ५ रुपये. एकच पातं. गावाकडची माणसं, पोदेर (पाववाले), गवंडी, सगळे तेच नेतात.

टेकमॅटिकची फीत मात्र कुठेच नाही, मला विचारायला येऊ नका.

खाजनकाठ
गार्डचा विषय काढलात म्हणून सांगतो, भारी किस्सा आहे. त्याच्या आधी व्हेक्टर नावाचा दोन पात्यांवाला खास भारतासाठी काढला, अडकलेले केस ढकलायला त्यात एक पट्टी होती. त्याची चाचणी घेतली कुणावर, तर अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय पोरांवर. त्यांना आवडला. इकडे आणला तर केस अडकून बसायला लागले, कारण एमआयटीतल्या पोरांकडे वाहता नळ होता नि इकडे माणूस पेल्यातल्या पाण्यात रेझर बुचकळतो. नंतर त्यांची माणसं इथे येऊन लोकांच्या घरात बसून दाढी बघून गेली, तेव्हा गार्ड निघाला, एक पातं आणि धुवायला मोकळी जागा. सोलकढीबाब, इंजिनियर मूर्ख नव्हते, पण त्यांच्या बाथरूमला नळ होता.

आता मुख्य मुद्दा, जरा लांब होईल. जुनं कार्ट्रिज की सेफ्टी याचं उत्तर दाढी कशी होते यापेक्षा पातं कोण बनवतो यात आहे असं माझं मत. जिलेटने १९०३ मधे विक्री सुरू केली तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्याच वर्षी रेझर ९० हजारांच्या वर. १९०४ ला पेटंट मिळालं. सगळे म्हणतात की त्याने रेझर फुकटात वाटला नि ब्लेडवर कमावलं, तसं नाहीये, पेटंट होतं तोवर रेझर पाच डॉलरला विकायचा, त्या काळच्या कामगाराच्या आठवड्याच्या पगारातला मोठा तुकडा. १९२१ ला पेटंट संपलं आणि मग कुणीही ते ब्लेड बनवायला मोकळा झाला. जर्मनीत सोलिंगेनला, जपानात सेकी गावात फेदर, आणि आपल्याकडे टोपाझ, अशोक, भारत, इरास्मिक, ठाण्याचं सुपरमॅक्स. माप सगळ्यांचं एकच, बल्बच्या होल्डरसारखं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा रेझर उचला नि म्हापशाहून आणलेलं ब्लेड घाला, बसतं.

टेकमॅटिकचं उलट. फीत फक्त तीच कंपनी बनवायची, तिने थांबवलं आणि जगातले सगळे टेकमॅटिक एकदम मेले. तुमचा तिसरा रेझर शोकेसमधे ठेवा. शिक कंपनीचा इंजेक्टर रेझर अधेमधे, त्याची पाती मिळतात पण मागवावी लागतात. ट्रॅक टू आणि अट्रा मात्र नशीबवान, इतके खपले की पेटंट संपल्यावर इतरांनीही त्या मापाची कार्ट्रिज काढली, अजून बनतात. व्हेक्टरची कार्ट्रिज अट्राच्या मुठीला बसतात ते याच कारणाने, माप तेच ठेवलेलं. म्हणजे "जुनं कार्ट्रिज" असा एक प्रकारच नाही. तुमच्याकडे कुठलं जुनं कार्ट्रिज आहे ते बघा मग बोला.

तारवट्याचा_पूत
+१ वाचनखूण साठवली. बापाच्या कपाटातला अट्रा काढतो आता.

सोलकढी_जास्त
हा मुद्दा पटला, खोटं कशाला बोलू. पण दाढी कशी होते त्यावर अजून कुणी बोललेलं नाही. दोन्ही वापरलेल्या माणसाने सांगा, ऐकीव नको.

हळदुणकर
दोन्ही वापरतो. लिहायचा कंटाळा पण घ्या.

ट्रॅक टूचं डोकं लहान नि घट्ट. हल्लीचं पाच पात्यांचं डोकं नाकाखाली शिरत नाही, हे शिरतं, मिशीची कड सरळ येते. मूठ धातूची, वजन तिचंच तिला पुरतं, दाबावं लागत नाही. कोन तुम्हालाच धरायचा पण कार्ट्रिजच्या ठेवणीमुळे चुकलात तरी फार चुकत नाही. सेफ्टी आणि आजचं कार्ट्रिज यांच्या बरोबर मधे बसतो म्हणा. वाईट गोष्ट एकच, दोन पात्यांच्या फटीत खुंट नि साबण अडकतात, चारपाच दिवसांची दाढी असेल तर दर हाताला धुवा नाहीतर नुसतं घसरत राहतं. नळाखाली धुतला तरी आत राहतातच, उलटा धरून मागून पाण्याची धार सोडायची.

सेफ्टीत अडकण्याचा प्रश्नच नाही, पाण्यात हलवला की साफ. वाढलेली दाढी असेल तर सेफ्टीला तोड नाही. रोज करत असाल तर खरं सांगतो फार फरक नाही, गुळगुळीत दोन्हीने होते, ट्रॅक टू एकदा हात फिरवून जेवढी देतो तेवढी सेफ्टी दोनदा फिरवून देतो. फरक दुपारी कळतो. गळ्याला दोन पात्यांनी चुरचुरतं, एकाने नाही. निदान माझ्या.

सेन्सर, १९९० चा, पण धरा यात. पाती बारीक स्प्रिंगवर बसवलेली. जुन्या कार्ट्रिजमधे हातात धरल्यावर सगळ्यात भारी वाटणारा तो, पण मग दुपारी चुरचुरलं की पैसे आठवतात.

मिरामार_वाली
पुरुषांच्या धाग्यात डोकावते. मी पाय करायला नवऱ्याचा सेफ्टी रेझर पळवते (त्याला माहीत आहे, आता त्याने दुसरा घेतला). सपाट भागाला उत्तम, गुडघा आणि घोट्याला मात्र डुलणाऱ्या डोक्याचं कार्ट्रिज बरं, तिथे हाड वर येतं नि कोन धरताच येत नाही. बायकांचं म्हणून गुलाबी मुठीचं जे विकतात ते त्याच मापाचं असून महाग, तेवढं घेऊ नका.

खरं मला दुसरंच लिहायचंय. वापरलेली ब्लेडं टाकता कुठे? आमच्या पंचायतीचा सुका कचरा वेगळा करायला बायका बसतात, हातमोजे असतात पण ब्लेडपुढे हातमोजा काय करणार. प्लीज सुटी ब्लेडं कचऱ्यात टाकू नका. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याला वर एक चीर पाडा, एवढी की ब्लेड आत जाईल, नि त्यात टाकत राहा. तो भरायला कित्येक वर्षं लागतात. भरला की चीर ठोकून बंद करा आणि धातू म्हणून द्या, नुसतं पोलाद आहे, वितळतं. कार्ट्रिजचं तसं नाही, प्लास्टिक नि पोलाद एकमेकांत रुतलेलं, ते कोण सुटं करत बसणार, साळगावच्या कचरा प्रकल्पात नेलं तरी त्याचं पुढे काही होत नाही असं धरून चाला.

दुकानदार_म्हापसा
पूर्वी ब्लेडच्या प्लास्टिकच्या डबीला मागे खाच असायची, जुनं ब्लेड त्यात सरकवायचं. काहींना अजून असते. बघून घ्या.

उंडो_पाव
एवढे प्रतिसाद! देव बरें करूं. बघितलं, मामाच्या रेझरचं डोकं घट्ट आहे, डुलत नाही, कार्ट्रिजला पट्टी नाही. म्हणजे ट्रॅक टू. आजोबांच्या रेझरचा रंग सोनेरी आहे पण कडेला उडालाय आणि सांध्यात पांढरं दगडासारखं काहीतरी चिकटलंय. आईने चिंच आणि रांगोळी काढून ठेवली आहे, समईबरोबर घासून देते म्हणते.

खाजनकाठ
थांबवा त्यांना!!! आधी थांबवा मग पुढचं वाचा.

आत पितळ आहे पण वर सोन्याचा नाहीतर निकेलचा पातळ मुलामा असतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर, सोडा, रांगोळी, काहीही नको. सोनं तर एवढं पातळ असतं की घासलं तर आईच्या हातात समई नि रेझर एकाच रंगाचे येतील. कोमट पाणी (उकळतं नाही), भांड्यांचा साबण, जुना मऊ टूथब्रश. पांढरं जे आहे ते साबणाचं कीट, अर्धा तास साबणाच्या पाण्यात ठेवलं की सुटतं. नॉब फिरवून झाकणं उघडमीट करत ब्रश मारा. शेवटी स्पिरिटने पुसा नि नॉबच्या आत एक थेंब मशीनचं तेल. झाकणं दोन्ही सारखी मिटतात का ते बघा, वाकडी मिटत असतील तर ब्लेड एका बाजूला जास्त बाहेर राहील, असा रेझर चेहऱ्याला लावू नका.

उंडो_पाव
थांबवलं. आई म्हणते, तुम्हा इंटरनेटवाल्यांना पितळ काय कळतं.

हळदुणकर
आपल्या हवेबद्दल सांगायला हवं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाथरूममधे काही सुकत नाही. जुना पितळी रेझर त्यात टिकतो, मुलामा गेला तरी पितळ गंजत नाही, काळवंडतं फक्त. हल्ली ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच सेफ्टी जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर क्रोम. क्रोमला एक चीर गेली की आतलं जस्त फुगतं नि पापुद्रे सुटतात, किनाऱ्याजवळ खारी हवा असेल तर लवकर. मी असाच एक घेतला होता, दुसऱ्या पावसाळ्यात मुठीचे आटे गेले. नवीन घ्यायचा तर पितळी किंवा स्टेनलेस बघा. पार्कर आणि पर्ल भारतातच बनतात, पितळी मुठीचे मिळतात.

ब्लेड गंजतं अशी सगळ्यांना भीती असते. आजोबांच्या काळी कार्बन स्टीलचं होतं, गंजायचंच, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सनने स्टेनलेस आणलं नि मग सगळ्यांना आणावं लागलं. आता ब्लेड गंजाने कमी आणि केसाने जास्त मरतं. २०२० मधे एमआयटीच्या लोकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून बघितली, केस पोलादापेक्षा ५० पट मऊ तरी तिरका वाकून धारेचे टवके काढतो. (परत एमआयटी, त्यांना दाढीचं काय एवढं कोण जाणे.) म्हणून केस आधी भिजवून मऊ करणं हीच ब्लेडची खरी काळजी. टॉवेलला धार पुसू नका, झटका नि ठेवा.

सोलकढी_जास्त
माझ्याकडे दुसरा मुद्दा आहे. विमान. सेफ्टीचं ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाही, सिक्युरिटीवाले काढून घेतात. कार्ट्रिज जातं. दाबोळीहून जा नाहीतर मोपाहून, तेच. माझं महिन्यातून एकदा मुंबईला जाणं असतं, बॅग चेक-इन करत बसू का दाढीसाठी?

खाजनकाठ
हा मुद्दा १००% तुमचा. ब्लेड न घालता रेझर न्या नि ब्लेड तिकडे घ्या म्हणतात, पण ऐनवेळी समोरचा कसा ऐकेल काय सांगावं. प्रवासाला मी पण अट्राच नेतो.

गडबडगुंडा
एकमत व्हायला लागलं, धागा पडणार. कुणीतरी मिशीचा विषय काढा रे.

उंडो_पाव
आजोबांचा रेझर स्वच्छ निघाला, झाकणं सरळ मिटतात. आता वापरायचा कसा ते सांगा, इस्कटून. व्हिडिओ बघितले तर तिकडचे लोक नुसत्या फेसावर पाऊण तास बोलतात.

हळदुणकर
अंघोळीनंतर करा, अर्धं काम तिथेच होतं. फेस ब्रशने, साधी क्रीम चालते, पालमोलिव्ह, गोदरेज, व्ही-जॉन काहीही. ब्रश झटकून घ्या, आधी पाणी कमी, मग थेंबथेंब वाढवा. किनाऱ्याकडच्या विहिरी एप्रिल-मेमधे मचूळ होतात त्या पाण्याला फेस धरत नाही, तेव्हा नळाचं घ्या.

रेझरचं डोकं आधी गालाला सपाट टेकवा नि मूठ हळूहळू खाली आणा, जिथे पातं केसाला लागल्याचा आवाज येतो तिथे थांबा. साधारण ३० अंश. तो कोन मनगट न वळवता ठेवायचा. दाब शून्य, रेझरच्या वजनाने जाऊ द्या. पाच पात्यांवाल्याची सवय असलेला माणूस दाबतोच, इथे दाबलं की रक्त. हात फिरवाल तो छोटा, इंचभर. पहिला हात केसांच्या दिशेने, धुवा, परत फेस, दुसरा आडवा. गळ्यावर आडवा पण नको तुमच्या बाबतीत, नर्सबायने सांगितलंय ते पाळा. हनुवटीला ओठ आत ओढून कातडी ताणून घ्या. झाल्यावर गार पाणी नि तुरटी. तुरटी झोंबली तिथे दाबलं होतं असं समजायचं, शिकायला तीच बरी.

सुरुवातीला फेदर घेऊ नका, फार धारदार म्हणून नावाजलेलं आहे, हात बसल्यावर घ्या. सेव्हन ओ'क्लॉक किंवा अ‍ॅस्ट्रा घ्या, चेहऱ्याला कुठलं मानवतं ते वापरूनच कळतं, माझ्या भावाला चालतं ते मला चालत नाही.

नर्सबाय
एक राहिलं. रेझर नि ब्लेड घरात एकाचंच. बाप-लेक एक रेझर वापरत असतील तर ब्लेड तरी वेगळं.

मिरामार_वाली
हो का. बरं. 🙄

नर्सबाय
नवऱ्याने दुसरा घेतला म्हणालात ना, मग झालं.

तारवट्याचा_पूत
बापाचा अट्रा मिळाला, व्हेक्टरचं कार्ट्रिज खट्कन बसलं. कमाल आहे. मूठ चाळीस वर्षांची नि कार्ट्रिज काल नाक्यावर घेतलेलं. दाढी पण झकास. मी आता सेफ्टीकडे जात नाही, एवढंच बस झालं मला.

उंडो_पाव
सेफ्टीने पहिली दाढी केली. हनुवटीखाली दोन ठिकाणी लागलं, बाकी ठीक, वेळ खूप लागला. गळ्याला केसांच्या दिशेनेच केली, हाताला खरखरीत लागते पण आग नाही. रोज हे जमणार नाही, सोलकढींचं खरं आहे, त्यामुळे रविवारी आणि वाढलेली असेल तेव्हा सेफ्टी, मधल्या घाईच्या दिवशी मामाचा ट्रॅक टू असं ठरवतोय. त्याची कार्ट्रिज इथे मिळतील का?

दुकानदार_म्हापसा
सेव्हन ओ'क्लॉकची पी-टू म्हणून दोन पात्यांची येतात, ती बघा. मूठ बरोबर घेऊन या, दुकानात लावून बघू, बसली तर घ्या. थोडीच शिल्लक आहेत, आता कंपनीचा माणूस फारशी देत नाही.

सोलकढी_जास्त
त्यातलं एक पाकीट मला ठेवा. मूठ मिळेल का तुमच्याकडे?

दुकानदार_म्हापसा
प्लास्टिकची आहे, धातूची नाही. आणि दोघांनाही सांगतो, शुक्रवारी येऊ नका, बाजाराच्या दिवशी मला बोलायला वेळ नसतो नि तुम्हाला गाडी लावायला जागा.